मायक्रोसॉफ्ट टू डू: रोज रात्री पाटी कोरी करणारं ॲप (भोसरीतल्या अकाउंट्सवालीचा अनुभव)

आधीच सांगते, मला ॲप्सचं काही वेड वगैरे नाहीये. भोसरी एमआयडीसीत एका छोट्या सीएनसी जॉबवर्कवाल्या (दुसऱ्या कंपन्यांचं काम मशीनवर करून देणाऱ्या) कंपनीत मी अकाउंट्स बघते, आणि छोट्या कंपनीत अकाउंट्स म्हणजे नुसतं टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) नसतं हे ज्यांनी केलंय त्यांना माहितीये. पगार, पीएफ, बँक, ई-वे बिल (गाडीतून माल पाठवताना लागतं ते सरकारी बिल), कुरिअर, एसीवाल्याला फोन, साहेबांच्या गाडीचा इन्शुरन्स, सगळं एकाच टेबलावर येतं. आणि येतं पण कसं, तर अर्धं व्हॉट्सॲपवर, पाव तोंडी, उरलेलं मेलवर, आणि प्रत्येक गोष्ट "मॅडम अर्जंट आहे".

दोन वर्षांपूर्वी एक टीडीएसचं (पैसे देताना कापून सरकारला भरायच्या टॅक्सचं) चलन भरायचं राहिलं. पैसे बँकेत होते, हिशोब तयार होता, फक्त ७ तारखेला, म्हणजे शेवटच्या दिवशी, दिवसभर डिस्पॅचच्या मागे पळत होते आणि आठला सकाळी आठवलं. रक्कम होती ४२,३०० रुपये. आता एक दिवस उशीर म्हणजे एक दिवसाचं व्याज असं वाटतं ना? तसं नसतं. कापलेला टीडीएस उशिरा भरला तर महिन्याला दीड टक्का, आणि महिन्याचा तुकडा म्हणजे पूर्ण महिना, आणि मोजायचं कापल्याच्या तारखेपासून. म्हणजे आधीच्या महिन्यात कापला, या महिन्यात आठला भरला, झाले दोन महिने, ३ टक्के. १,२६९ रुपये. साहेब काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या रविवारी (आमच्याकडे रविवारी काम असतं, सुट्टी गुरुवारी, भोसरीवाल्यांना सांगायला नको) जेवणाच्या सुट्टीत बसून कामांची यादी ठेवायचं काहीतरी शोधलं. आधी काय काय करून झालं ते थोडक्यात सांगते, म्हणजे हेच का घेतलं ते कळेल.

डायरी. दर जानेवारीत कुठल्या ना कुठल्या सप्लायरकडून येतेच, जाड पुठ्ठ्याची. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत अक्षर छान असतं. मग राहिलेलं काम पुढच्या पानावर उतरवायचा कंटाळा येतो आणि ते मागच्या पानावरच मरतं. माझं टीडीएसचं चलन डायरीत लिहिलेलं होतं बरं का, आदल्या आठवड्याच्या पानावर.

टूडूइस्ट. हे २००७ पासूनचं जुनं ॲप आहे आणि खरंच चांगलं आहे. त्यात कामाला चार पातळ्या देता येतात, पी१ ते पी४, पी१ लाल. मी खूप उत्साहाने सुरू केलं आणि आठ दिवसांत माझी अख्खी यादी लाल झाली. ॲपचा काही दोष नाही, त्याने चार खण दिले, मी एकच भरला. फुकटच्या प्लॅनमध्ये पाच प्रोजेक्ट मिळतात, ते मला पुरले असते, पण त्या लाल रंगाकडे बघूनच थकायला व्हायचं. ट्रेलो पण उघडून बघितलं. ते कार्ड इकडून तिकडे सरकवायचं प्रकरण चार जणांच्या टीमला भारी आहे, मी एकटीच असल्यामुळे माझंच कार्ड मीच सरकवत बसले असते.

मग हे टू डू. आमच्या ऑफिसचे मेल आउटलुकवर आहेत म्हणून ते आधीच कॉम्प्युटरवर होतं, कधी उघडलंच नव्हतं. पैसे लागत नाहीत, मायक्रोसॉफ्टचं अकाउंट असलं की झालं, फोनवर आणि कॉम्प्युटरवर दोन्हीकडे एकच यादी दिसते. ज्यांनी पूर्वी वंडरलिस्ट वापरलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल, कारण बर्लिनच्या ज्या कंपनीने वंडरलिस्ट बनवलं ती मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतली, २०१७ मध्ये टू डू आणलं आणि मे २०२० मध्ये वंडरलिस्टला कुलूप लावलं. मधल्या काळात वंडरलिस्टच्या संस्थापकाने जाहीरपणे "मला ते परत विकत द्या" असं सांगितलं होतं, पण ते काही झालं नाही. माझी बहीण वंडरलिस्टवर जीव टाकायची, ती अजूनही टू डूचं नाव काढलं की सावत्र आईबद्दल बोलल्यासारखी बोलते.

आता मुख्य गोष्ट. यात डाव्या बाजूला सगळ्यात वर सूर्याचं चित्र असतं, त्याचं नाव माय डे. आणि हे माय डे रोज मध्यरात्री रिकामं होतं. पूर्ण. काल तुम्ही दहा कामं टाकली, चार केली, सहा राहिली, तर सकाळी उघडल्यावर तिथे काहीच नसतं. ती सहा कामं पुसली जात नाहीत, आपापल्या मूळ यादीत असतात, पण आजच्या पानावर नसतात. पहिल्या दिवशी मी घाबरले, मला वाटलं डेटा गेला. मग ते बल्बचं चिन्ह दिसलं, ते दाबलं की ॲप सुचवतं, हे कालचं राहिलंय, याची तारीख उलटलीये, हे नुकतंच टाकलंयस, यातलं काय घेणार? आणि आपण एकेक उचलून सूर्यात टाकायचं.

एवढंच आहे. पण यामुळे काय होतं तर रोज सकाळी सव्वानऊला, चहा येईपर्यंत, मला ठरवावं लागतं. डायरीत राहिलेलं काम दिसायचंच नाही, आणि टूडूइस्टमध्ये मी असा घोळ घातला होता की राहिलेलं काम रोज लाल होऊन अंगावर यायचं. इथे ते दाराबाहेर उभं असतं, मी आत ये म्हटलं तर येतं. काही कामांना मी सलग नऊ दिवस आत ये म्हटलं नाही, तेव्हा डोक्यात उजेड पडला.

उदाहरण देते. "जुन्या डेबिट नोट मॅच करणे" असं एक काम होतं (डेबिट नोट म्हणजे रिजेक्ट मालापोटी पैसे कापल्याचा कागद). रोज बल्बमध्ये दिसायचं, रोज मी सोडून द्यायचे. मला वाटायचं मी आळशी आहे. एक दिवस चिडून उचललं आणि करायला बसले तर कळलं की ते काम माझं नाहीच. क्वालिटीवाल्यांनी रिजेक्शनचे आकडे नक्की केल्याशिवाय मला काही मॅच करता येणारच नव्हतं. म्हणजे खरं काम होतं "क्वालिटीच्या दादांकडून रिजेक्शनची शीट मागणे", दोन मिनिटांचं. ते लिहिलं, त्याच दिवशी झालं. तेव्हापासून मी एक नियम केलाय, जे काम चार दिवस सूर्यात जात नाही त्याचं नाव चुकलंय असं समजायचं आणि ते परत लिहायचं. निम्म्या वेळा त्यातून "अमक्याला विचारणे" असंच काहीतरी निघतं. आणि काही कामं सरळ उडवते. "ऑफिसमधल्या सगळ्या फायलींना नवीन लेबल" हे काम मी वर्षभर सांभाळलं होतं, कशासाठी देव जाणे.

दुसरी गोष्ट, यात प्रायॉरिटीच्या पातळ्या नाहीत. एक तारा आहे, दिला किंवा नाही दिला. बऱ्याच जणांना ही कमतरता वाटेल आणि ज्यांच्याकडे खरोखर पन्नास कामांची उतरंड असते त्यांच्यासाठी ती आहेच. माझ्यासाठी उलटं झालं. सीए साहेबांकडे आर्टिकलशिप (उमेदवारी) करणाऱ्या एका मुलाने मला तो चार खणांचा तक्ता काढून दिला होता, तातडीचं, महत्त्वाचं, आयझेनहॉवरच्या नावाने फिरतो तो. कागदावर फार छान दिसतो. पण आमच्याकडे गाडी गेटवर उभी असते, आत एक लाखाच्या वरचा माल, ई-वे बिलाशिवाय हलू शकत नाही, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आता हे कुठल्या खणात टाकू? सगळंच पहिल्या खणात येतं. त्यामुळे तारा मी फक्त एकाच गोष्टीला देते, ज्याला सरकारी तारीख आहे आणि चुकली तर पैसे जातात. बाकी कशालाही नाही, साहेबांनी सांगितलेल्यालाही नाही. (हे त्यांना माहीत नाही.)

आणि ई-वे बिल वगैरे मी लिहितच नाही. आलं की करायचं. लिहिण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात बिल निघतं.

सरकारी तारखांसाठी रिपीट फार कामाचं आहे. ७ टीडीएस, ११ जीएसटीआर-१ (जीएसटीचं विक्रीचं रिटर्न), १४ ला २बी (आमच्या खरेदीवरच्या जीएसटीचा तक्ता) तयार होतं ते उतरवून खरेदीशी ताडून बघणं, १५ पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा), २० ला ३बी (जीएसटी भरायचं महिन्याचं रिटर्न). हे एकदा दर महिन्याला म्हणून लावलं की टिक केल्यावर पुढच्या महिन्याचं आपोआप तयार होतं. इथे एक समजून घ्या, पुढचं काम आत्ताचं टिक केल्यावरच येतं. म्हणजे आज बसून पुढच्या तीन महिन्यांच्या सगळ्या तारखा एका नजरेत बघायच्या असतील तर नाही दिसणार. त्यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर आहे आणि ते राहू द्या, माझंही आहे, गॅस सिलेंडरच्या तारखेसकट.

सुरुवातीला मी शहाणपणा करून सगळ्या तारखा दोन दिवस आधीच्या लावल्या. सातच्या ऐवजी पाच. तर काय, तीन महिन्यांत मनाला कळलं की पाच म्हणजे सात, आणि परत सातच्या संध्याकाळी पळापळ. आपणच लावलेली खोटी तारीख आपल्याला फसवत नाही हो. मग ते काम फोडलं. "टीडीएस वर्किंग काढून साहेबांना पाठवणे" तारीख ३. "साहेबांकडून पेमेंटचा ओके" तारीख ५. "चलन भरलं, पावती फोल्डरमध्ये" तारीख ६. तिन्ही वेगवेगळी कामं, तिन्हीच्या तारखा खऱ्या. एका कामाच्या आत छोट्या पायऱ्या लिहायची सोय पण आहे, पण त्या पायरीला स्वतःची तारीख देता येत नाही, म्हणून तारखेची गोष्ट असेल तर वेगळं कामच करावं लागतं. पायऱ्या मी पगाराच्या कामाला वापरते, हजेरी, ओव्हरटाइम, ॲडव्हान्स कपात, बँक शीट, एकाखाली एक. मध्ये कोणी उठवलं तर परत येऊन कुठे होते ते कळतं. आमच्याकडे मध्ये उठवतातच.

रोजच्या रिपीटची एक गंमत. त्यात "वीकडेज" असा तयार पर्याय आहे, तो सोमवार ते शुक्रवार धरतो. मी तो लावला, आणि गुरुवारी सकाळी घरी पोहे करताना फोन वाजला, "बँक स्टेटमेंट एंट्री". आणि शनिवार रविवार, जेव्हा मी ऑफिसात बसलेली, तेव्हा सगळं शांत. कस्टममध्ये जाऊन एकेक वार निवडता येतो, गुरुवार सोडून सगळे लावले. तारीख देताना "नेक्स्ट वीक" दाबलं तर सोमवार पडतो, आमचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो, तेव्हा ते बटण मी दाबत नाही. ज्यांची सुट्टी रविवारची आहे त्यांना हे काही जाणवणार नाही.

मराठीत लिहिता येतं, मी बरंचसं मराठीतच लिहिते, फोनवर बोलून टाइप करते तेव्हा तर छानच. इंग्रजीत कामाच्या नावात टुमॉरो लिहिलं तर ते तारीख ओळखतं, मराठीत "उद्या" लिहिलं तर तो त्याच्यासाठी नुसता एक शब्द. बटण दाबून तारीख द्यायची. सवय होते.

आउटलुकचा फायदा मात्र खरंच मोठा आहे. मेलला झेंडा लावला की तो मेल टू डूमध्ये फ्लॅग्ड ईमेल नावाच्या यादीत काम म्हणून येतो, तिथून सूर्यात टाकता येतो, दाबलं की मूळ मेल उघडतो. बँकेचा मेल, गिऱ्हाईकाचा पेमेंट ॲडव्हाइस, ऑडिटवाल्यांच्या क्वेरी, सगळं असंच चालतं. आधी मी मेल परत अनरीड करून ठेवायचे म्हणजे लक्षात राहील, आणि मग अनरीडचा आकडा ३४० वर गेला की कशाचंच काही नाही. तुमचं ऑफिस जीमेलवर असेल तर हा फायदा तुम्हाला नाही, मग गूगल टास्क्स बघा, ते मेलच्या बाजूलाच उघडतं.

व्हॉट्सॲपचं दुखणं मात्र कुठल्याच ॲपने सुटत नाही. साहेब रात्री साडेदहाला व्हॉइस नोट टाकतात, त्यात तीन कामं असतात आणि चौथं "बाकी उद्या बोलू". हे कोणीतरी ऐकून लिहावंच लागतं आणि ते कोणीतरी मीच. मी काय करते, सकाळी माय डे उघडायच्या आधी रात्रीचे मेसेज एकदा बघून घेते आणि प्रत्येक कामाची एक ओळ टू डूत टाकते, मग व्हॉट्सॲप दुपारपर्यंत म्यूट. म्यूट केल्यावर पहिल्या आठवड्यात दोघं जण टेबलापाशी येऊन उभे राहिले, "मेसेज बघितला नाही का". बघितला, यादीत घेतलाय, दुपारी होईल. हे "दुपारी होईल" म्हणायची हिंमत मला त्या यादीमुळे आली, कारण समोर दिसत होतं की दुपारपर्यंत काय काय बसलंय.

किती कामं सूर्यात टाकायची यावर ॲप काहीच बोलत नाही. पंचवीस टाका, घेतं. कुठलं काम दहा मिनिटांचं आणि कुठलं तीन तासांचं हेही त्याला कळत नाही, तशी जागाच नाही त्यात. पहिला महिना मी रोज चौदा-पंधरा टाकायचे आणि पाच व्हायची, संध्याकाळी उरलेल्या दहांकडे बघत बस पकडायची. मग मोजलं, आठवडाभर नुसतं मोजलं, की ठरवलेली किती होतात. पाच. कधी सहा. बाकीचा दिवस मध्ये येणाऱ्या गोष्टींचा. आता पाचच टाकते आणि त्यातलं एक तरी डोकं लागणारं काम सकाळी दहा ते साडेअकरा, कारण आमच्या गाड्या भरायला लागतात बारानंतर. हे माझ्या कंपनीचं गणित झालं, तुमच्याकडे गाड्या सकाळी भरत असतील तर उलटं करा. पण मोजा आधी.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. छोट्या सप्लायरचं पेमेंट ४५ दिवसांच्या आत द्यायचं, नाहीतर तो खर्च पैसे प्रत्यक्ष देऊ त्याच वर्षी इन्कम टॅक्सला धरतात, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागला तेव्हा मी घाबरून प्रत्येक बिलाचं एकेक काम टू डूत टाकायला सुरुवात केली. (लेखी करार नसेल तर १५ दिवसच, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं.) दहा दिवसांत ऐंशी ओळी. यादी वाचणंच बंद झालं. बिलांची जागा टॅलीच्या आउटस्टँडिंगमध्ये (पैसे द्यायचे राहिलेल्या बिलांच्या यादीत) आहे, तिथे बिलाप्रमाणे दिवस दिसतात. टू डूत आता एकच ओळ आहे, "आउटस्टँडिंग बघणे, ३० दिवसांवरचे काढणे", दर शुक्रवारी. ज्याचा हिशोब दुसरीकडे राहतो तो इथे परत लिहायचा नाही, एवढं कळायला मला ऐंशी ओळी लागल्या.

कोणासाठी नाही तेही सांगते. टीममध्ये दहा जणांना कामं वाटायची असतील, कोणाचं कुठवर आलंय ते बघायचं असेल, तर हे अपुरं पडेल. यादी शेअर करता येते, घरी मी आणि नवरा किराण्याची यादी अशीच वापरतो आणि तो दुकानात उभा राहून टिक करतो तेव्हा माझ्याकडे दिसतं, तेवढं मस्त चालतं. पण रिपोर्ट, चार्ट, किती तास लागले, यातलं काही मिळणार नाही. काम टिक केल्यावर एक टिंग आवाज येतो, तो सेटिंगमध्ये बंद करता येतो, मी केलेला नाही.

त्या चलनानंतर एकही तारीख चुकली नाही असं लिहायला आवडलं असतं. एक चुकली, ३बी, एका दिवसाने, दिवसाला ५० रुपये लेट फी. यादीत होतं, सूर्यात होतं, तारा पण होता. मीच त्या दिवशी पोर्टल संध्याकाळी सातला उघडलं, वीस तारखेला, जेव्हा सगळा महाराष्ट्र तेच करत असतो. आता ते १८ ला भरते, आणि ही तारीख खोटी नाही, १८ ला सीए साहेबांकडचा तो आर्टिकलशिपवाला मुलगा फोन करून विचारतो.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो वेळेच्या अंदाजाची सोय नाही म्हणून. डिस्पॅचचे दादा आधी माझ्या या सूर्याला हसायचे, हल्ली डिलिव्हरी चलन मागायला आले की टेबलापाशी थांबून विचारतात, "मॅडम, आमचं आजच्या सूर्यात आहे का उद्याच्या?" उद्याच्या म्हटलं तर जातात.